बिनभिंतीचं फाटक

या, आत या. दार लोटून घ्या, वारा वाढलाय. वेधशाळेचा इशारा ऐकलात ना? आज रात्रभर आपल्या तिघा पहारेकऱ्यांना इथे चौकीतच बसायचंय. आठला फाटक लावलंत? घंटा फिरवून?

बरं. फॉर्मवर 'घंटा फिरवली' या ओळीपुढे 'हो' लिहिलेलं मघाशी बघितलं मी. तरी विचारलं. लिहिण्यावरचा माझा विश्वास उडालाय, राग मानू नका.

तू दुपारी विचारत होतास ना, की काका, बागेत सोळा कॅमेरे आहेत, मग ही पितळी घंटा वाजवत पार किनाऱ्यावरच्या पायऱ्यांपर्यंत जायचं आणि परत यायचं, हे कशाला? पंचवीस मिनिटं जातात फुकट. फुकट! त्याच वेळी तुझ्यावर डाफरणार होतो, पण म्हटलं, रात्री सांगू. बसा नीट.

ही गोष्ट माझी नाही, आपल्या वेल्डरची आहे. बागेतले झोपाळे, घसरगुंड्या, कठडे, सगळं त्याच्याच हातचं. दारू नाही, विडी नाही, आणि थाप मारायला जी काही कल्पनाशक्ती लागते ती तर त्याच्याकडे औषधालाही नाही. त्याला 'कसा आहेस' विचारलं तरी तो विचार करून उत्तर देतो. तो माणूस एका पहाटे पाच वाजता माझ्या दारात येऊन बसला होता. जे त्याने सांगितलं तेच सांगतो. माझ्या पदरचं एवढंच, की मला आजही ते आठवलं की डोक्यात सणक जाते.

तीन वर्षांपूर्वीचं वादळ तुम्ही बातम्यांत बघितलं असेल. आठ ऑक्टोबर, मंगळवार. बाग वाहून गेली, किनारा अर्धा खचला, सगळे म्हणाले निसर्गापुढे कोणाचं काय चालतं. निसर्ग! मी या बागेत एकतीस वर्षं माळी होतो. किनाऱ्याच्या बाजूला सुरूची तीन रांगा झाडं होती, मी आणि माझ्या साथीदारांनी खड्डे खणून लावलेली. त्यांच्यापुढे वाळूचा उंचवटा. वाऱ्याचा अर्धा जोर तिथेच मोडायचा. ती झाडं कापली. का? तर बागेतून समुद्र दिसत नाही. उंचवटा सपाट केला. का? तर पायऱ्या करायच्या. आणि मग तिकीट लावलं, म्हणून तिन्ही बाजूंनी आठ फुटी भिंत, वर काचा. फाटकाला आतून-बाहेरून पत्रा ठोकला, फटीतून कोणी फुकट बघू नये म्हणून. म्हणजे लोकांसाठी समुद्र बंद केला आणि समुद्रासाठी दार उघडं ठेवलं. मी बोललो तेव्हा मला सांगितलं, तुम्ही कुंड्या बघा.

हे सांगणारा म्हणजे आमचा पर्यवेक्षक. त्याला सगळे मागून उरकासाहेब म्हणायचे. कारण त्याच्या तोंडी एकच शब्द, "उरका, उरका!" झाड लावायचं असो की माणूस कामावरून काढायचा असो, उरका.

आणि फाटकावर होता आमचा घंटोबा. हसू नका. नाव पोरांनी ठेवलेलं, त्यालाही आवडायचं. माझ्याच वयाचा, बारीक, किरकोळ, पण कामाला घड्याळासारखा. आठच्या ठोक्याला घंटा उचलायची, बागेभोवती पूर्ण फेरी मारायची, पायऱ्यांवर उभं राहून तीनदा वाजवायची, झोपाळ्यांवरून, कारंज्यावरून परत. कोणी राहिलं असेल तर बाहेर काढायचं. मग फाटक ओढायचं आणि बाहेरून कुलूप. कोयंडा बाहेरच्या अंगालाच होता. किल्ल्या दोन. एक कार्यालयात, एक त्याच्या गळ्यात, बुटाच्या तपकिरी लेसमध्ये ओवलेली. लेसची गाठ त्याच्या बायकोने मारलेली, कारण याच्या गाठी सुटायच्या.

एकदा त्याच्या हातून घंटा पडली. मूठ तुटली आणि कडेचा टवका उडाला, नखाएवढा. वेल्डरने मूठ जोडून दिली. टवका म्हणाला राहू दे, आवाज बिघडत नाही. हा टवका लक्षात ठेवा.

वादळाच्या रात्री घंटोबा घरी आला नाही. दुसऱ्या दिवशी बाग जागेवर नव्हती. भिंती पाण्याच्या रेट्याने आडव्या झाल्या, फाटकाबाहेरची चौकी गेली, झोपाळे सापडले रस्त्यापलीकडे. उभं राहिलं ते फक्त फाटक. दोन काँक्रीटचे खांब, मध्ये बंद फाटक, त्याला कुलूप. डावीकडे काही नाही, उजवीकडे काही नाही. लोक फोटो काढत होते, हसत होते. मीही हसलो होतो, खोटं कशाला बोलू.

आमच्या वहिनी, म्हणजे घंटोबाची बायको, कार्यालयात गेल्या. म्हणाल्या, हे आतच असणार, वाळूखाली शोधा. उरकासाहेबांनी अहवाल दाखवला. 'पहारेकऱ्याने घंटा फिरवून, बाग रिकामी असल्याची खात्री करून, आठ वाजता फाटकास कुलूप लावले व तो निघून गेला.' कुलूप बाहेरून लागलंय, म्हणजे आत कोणी नाही. शाबास! म्हणजे नंतर त्याचं जे झालं ते कामाच्या वेळेबाहेर झालं. कार्यालयाचा संबंध नाही. आणि महिनाअखेर कार्यालयाने दिलेली खोली रिकामी करा, ती ड्युटीवरच्या माणसांसाठी आहे.

वहिनी रडल्या नाहीत. माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "भावजी, खोलीचं मी बघेन. पण हे काम टाकून निघून गेले, असं कागदावर लिहिलंय. ते पुसून द्या मला." मी काय करणार होतो? मी कुंड्या बघणारा माणूस. चार दिवस कार्यालयाच्या पायऱ्या झिजवल्या, घसा बसेपर्यंत भांडलो, आणि एवढंसं तोंड घेऊन परत आलो.

आता तारीख नीट ऐका. वीस ऑक्टोबर, रविवार. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला वरून चौकशीची माणसं येणार होती. रविवारी दिवसभर लोडर चालला. फाटकाच्या आतल्या बाजूला जवळजवळ वरच्या काठापर्यंत वाळू चढली होती, ती संध्याकाळी ओढून काढली. उरकासाहेब तिथे हजर होते. रात्री नऊला त्यांचा वेल्डरला फोन. "ते फाटक आजच्या आज काप. तुकडे कर आणि भंगारच्या यार्डात टाक. सकाळी दिसता कामा नये. उरक." वेल्डर म्हणाला, साहेब, रविवार आहे. ते म्हणाले, म्हणूनच.

वेल्डरने तीनचाकी टेम्पोत गॅसच्या दोन टाक्या टाकल्या, कटर घेतला, आणि साडेदहाला पोचला. छान चांदणं होतं. ओहोटी लागलेली, पाणी दोनशे पावलं मागे. टेम्पो रस्त्याच्या बाजूला, फाटकाबाहेर लावला. कुलूप अजून कोयंड्यात होतं, गंजून लाल झालेलं. बारा दिवसांत ते उघडायची कुणाला गरजच पडली नव्हती, सगळे खांबाला वळसा घालून जात होते. बिजागऱ्या कुठून कापायच्या ते बघायला तोही वळसा घालून आत गेला आणि पत्र्यावर टॉर्च मारला.

आतल्या पत्र्यावर पोचे होते.

लाटांनी दगड आपटून पडावेत तसे नाहीत. सगळे एकाच आकाराचे, चंद्रकोरीसारखे. शंभरेक असतील. कंबरेच्या उंचीला गर्दी, एकावर एक. तो वाकला. बोट फिरवलं. प्रत्येक कोरीत एका जागी खंड होता. नखाएवढा.

त्याने जोडलेली घंटा त्याला कळणार नाही?

मग त्याने टॉर्च वर नेला. पोचे वर चढत गेले होते. छातीशी. मग डोक्याशी. मग हात वर करून पोचेल तिथे. मग त्याच्याही वर. नऊ फुटी फाटक ते. जसजसं पाणी चढलं तसतसा माणूस त्यावर तरंगत वर गेला आणि पत्र्यावर घंटा हाणत राहिला. वर वर जाताना पोचे विरळ होत गेले. अगदी वरच्या काठाला एकच होता.

किल्ली त्याच्या गळ्यात होती रे! कुलूप दोन बोटांवर. मध्ये पत्रा. फुकट्यांनी समुद्र बघू नये म्हणून ठोकलेला पत्रा! आणि माझी झाडं असती तर... झाडावर चढला असता माणूस. जाऊ दे. जाऊ दे, पाणी दे जरा.

हं. तर वेल्डर अजून त्या वरच्या पोच्यावर टॉर्च धरून होता. तेवढ्यात जीपचे दिवे. उरकासाहेब. झालं की नाही ते बघायला स्वतः आले होते.

"अजून उभंच? काय करतोयस?"

वेल्डर म्हणाला, "साहेब, आत या. हे बघा."

ते आले. बघितलं. त्यांनी ते संध्याकाळीच बघितलं होतं, हे वेल्डरला त्यांच्या तोंडावरून कळलं. म्हणाले, "दगड लागलेत. काप."

"हे दगड नाहीत साहेब. आणि तो आत होता, तर बाहेरून कुलूप कोणी लावलं? दुसरी किल्ली कार्यालयात असते."

"तुला चौकशीला नेमलाय का? काप म्हटलं ना!"

"मी नाही कापणार."

आयुष्यात पहिल्यांदा तो माणूस कुणाला नाही म्हणाला असेल. "मग कटर आण इकडे, मी कापतो," साहेब ओरडले. वेल्डर खांबाला वळसा घालून बाहेर आला. कटर द्यायला नाही, टाक्यांचे कॉक बंद करून घरी जायला. म्हणजे ध्यानात आलं? वेल्डर बाहेर, साहेब आत. मध्ये बंद फाटक. आणि दोन्ही बाजूंना मोकळं रान.

सव्वाअकरा झाले होते. त्याने टेम्पोतल्या घड्याळात बघितलं होतं.

घंटा वाजली.

लांब. पायऱ्यांच्या बाजूला. तीनदा.

वेल्डरचा हात कॉकवर तसाच राहिला. त्याला वाटलं, कुठलं जहाज असेल. मग पुन्हा. आता चालती. टण... टण... टण. जुन्या वाटेने. झोपाळे होते तिकडून. मग कारंजं होतं तिथून. वाट आता उरलीच नव्हती, तरी त्याच वळणांनी. आवाजाला ती कडेची किंचित खरखर होती.

"कोण आहे?" आतून साहेब.

टण... टण...

"कोण आहे तिकडे? पहारेकरी! ...अरे, कोण आहे?"

मग पत्र्यावर थाप पडली. आतून. मग धडाधडा.

"उघड! फाटक उघड!"

वेल्डर ओरडला, "साहेब, बाजूने या! भिंत नाहीये!"

"उघड रे! पाणी... पाणी येतंय!"

"साहेब, ओहोटी आहे!"

"गुडघ्याला आलं... उघड..."

वेल्डर धावत खांबाशी गेला. डोकावला. वाळू कोरडी. चांदण्यात लख्ख कोरडी, लोडरच्या चाकांच्या खुणांसकट. आणि साहेब पत्र्याला चिकटून उभे. टाचा वर. हनुवटी वर. गळ्याइतक्या पाण्यात माणूस उभा राहतो ना, तसे.

डावीकडे चार पावलं टाकली असती तर रस्ता होता. चार पावलं.

"मी बघितलं नाही रे!" साहेब रडत होते. "पाऊस होता... चौकीत दिवा होता, छत्री टांगलेली होती... मला वाटलं, फेरी मारून चौकीत बसलाय... मी हाक नाही मारली... मी कुलूप लावलं आणि... मला घरी जायचं होतं..."

मग तोंडात पाणी गेल्यासारखा आवाज. गुळण्या.

वेल्डरने हात लांब केला. त्यांची बाही धरणार, तोच घंटा वाजली.

अगदी जवळ. दोघांच्या मध्ये.

त्याने हात मागे घेतला.

...

मग काहीच नाही.

घंटा नाही. साहेबांचा आवाज नाही.

...

मग बाहेरच्या बाजूला... जिथे तो मघाशी उभा होता, त्या बाजूला...

खट.

कुलूप उघडल्याचा आवाज.

फाटक करकरलं. हातभर उघडलं. आणि साहेब त्या फटीतून बाहेर रस्त्यावर पडले.

वेल्डर बाहेर आला तर तिथे कोणी नव्हतं. साहेब रस्त्यावर ओकत होते. पाणी. खारं. कपडे, केस, बूट, सगळं निथळत होतं. आणि कोयंड्यात कुलूप उघडं लटकत होतं. गंजून गच्च झालेलं ते कुलूप. त्यात किल्ली. किल्लीला तपकिरी लेस. लेसमधून थेंब पडत होते.

आता तुम्हीच सांगा मला. ज्याने आपल्याला कोंडलं त्याच्यासाठी हा माणूस आला. फेरी पूर्ण केली. आत कोणी राहिलंय का बघितलं. आणि कुलूप उघडून दिलं! मी असतो तर नसतं उघडलं. देवाशपथ नसतं उघडलं. पण तो घंटोबा होता, त्याला कामाची रीत सोडवली नाही. मला अजून त्याचाही राग येतो.

साहेबांना टेम्पोतून दवाखान्यात पोचवून वेल्डर पहाटे तसाच माझ्याकडे आला. आम्ही वहिनींना घेऊन उजाडता उजाडता फाटकाशी गेलो. वहिनींनी लेस हातात घेतली, गाठ बघितली, आणि तिथेच पत्र्याला टेकून बसल्या. त्या पोच्यांवरून हात फिरवत राहिल्या, कंबरेपासून, हात पोचेल तिथवर. नऊला चौकशीवाले आले तेव्हा आम्ही तिघं फाटकाला पाठ लावून उभे होतो. म्हटलं, आधी हे बघा, मग अहवाल वाचा.

त्यांनी पोचे मोजले, फोटो काढले. त्या कागदावरचं वाक्य खोडलं आणि लिहिलं, 'पहारेकरी कर्तव्यावर असताना.' वहिनी तो कागद घेऊन गेल्या. खोली राहिली त्यांची. घंटोबा मात्र सापडला नाही, आजतागायत.

आणि उरकासाहेब? त्यांना काही आठवत नव्हतं. डॉक्टरचा दाखला आणला. बदली झाली, दुसऱ्या कार्यालयात खुर्ची मिळाली. त्यांच्या खोलीचं दार म्हणे कायम उघडं ठेवावं लागतं, बस्स. एवढीच शिक्षा. आणि बाग पुन्हा बांधली. काय केलं सांगा? पुन्हा भिंत. पुन्हा पायऱ्या. पुन्हा फाटकाला पत्रा! झाडं? झाडांचं चित्र आहे तिकीटखिडकीवर. थुंकावंसं वाटतं.

एक गोष्ट मी भांडून मिळवली. फॉर्मवरची ती ओळ काढू दिली नाही, आणि नवी घंटा आणवली. ती वाजवून फिरायचं, पाऊस असो, वारा असो, अंगात ताप असो. समजलं?

मी माळीकामातून निवृत्त होऊन या चौकीवर लागलो, त्या दिवशी वहिनी मला भेटायला आल्या होत्या. ती किल्ली दिली. म्हणाल्या, "भावजी, ही चौकीतच राहू दे. त्यांना लागेल." आता नव्या कुलपाला ती लागत नाही, कशालाच लागत नाही. पण ठेवलीय. दोन वर्षं झाली, त्या तिथेच आहे. उन्हाळ्यातसुद्धा लेस सुकत नाही. खोटं वाटत असेल तर हात लावून बघा. ती काय, घड्याळाच्या खाली, त्या खिळ्याला...

...

कुठे गेली?

साडेसातला होती. मी येऊन बघून गेलो होतो.

कोणी काढली? थट्टा नको. खिसे दाखवा. तू पण... तू पण दाखव.

...

टॉर्च आण इकडे. खिळ्याखाली धर. भिंत ओली आहे. खाली फरशीवर... हे बघ. दारापर्यंत थेंब आहेत.

...

घंटा फिरवली होतीत ना?

माझ्याकडे बघ. खाली नको बघू. फॉर्मवर 'हो' लिहिलंयस तू. वारा होता म्हणून... कॅमेरे आहेत म्हणून... फिरवली होतीत की नाही?

...

अरे, बोला ना!

...

ऊठ. घंटा घे. तू फाटकाच्या किल्ल्या घे. भरती साडेदहाची आहे, सव्वानऊ झालेत. पळा! आत कोणीतरी राहिलंय, आणि घंटोबा आपल्या आधी निघालाय.